काच अखंड

३ फेब्रुवारी

दादाला नोटीस दिली. खाली सही माझी.

गुन्हा काय, तर त्याने स्वयंपाकघरामागच्या बोळात लाकडी टेकू लावला. त्याच्या घराच्या मागे जुना तट आहे, दोघांमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा. तट झुकतोय म्हणे! संरक्षित भिंतीला वारसा समितीच्या परवानगीशिवाय खिळासुद्धा मारता येत नाही, टेकू तर लांबच राहिला. कलम मला तोंडपाठ आहे. ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मीच शिकवते.

साहेब म्हणाले, "घरचाच मामला आहे, तुम्हीच समजावा." म्हणजे वाईटपणा तुम्हीच घ्या.

दादाने नोटीस उभ्याउभ्याच वाचली. "पडणाऱ्याला आधार द्यायचा नाही, असा कायदा केलाय तुम्ही?" वहिनीने चहा टाकला होता. तिने गॅस बंद केला. पहिल्यांदाच त्या घरातून चहा न पिता आले.

५ फेब्रुवारी

टेकू निघाला. दादाने माझ्यासमोर काढला, एकेक वासा मुद्दाम माझ्या पायाशी टाकत. "घ्या इन्स्पेक्टरीणबाई! मोजून घ्या, नाहीतर म्हणाल एक कमी आहे."

मी भिंतीतल्या फटीवर काच लावली. आमची साधी पद्धत आहे— फटीवर आडवी, काचेची पातळ पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लॅस्टरने पक्की करायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. वाद घालायला जागाच राहत नाही. तटावर अशा आठ पट्ट्या आहेत, ही नववी. प्लॅस्टर ओलं होतं तोवर खिळ्याने तारीख कोरली.

वहिनी बोळाच्या तोंडाशी उभी राहून सगळं बघत होती.

"तुटली तर?"

"तर भिंत हलतेय असं समजायचं. मग घर रिकामं करायचं, दुरुस्ती करायची आणि तुम्ही परत राहायला यायचं. दोन महिन्यांचं काम."

"शिंप्यालाही दोनच महिने सांगितले होते."

शिंप्याचं घर चार दारं पलीकडे. आठ वर्षं झाली, सील लागलंय. तो मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. ती फाइल माझ्याआधीच्या माणसाची होती, असं सांगणार होते. ओठावर आलं होतं. पण मलाच लाज वाटली.

२६ फेब्रुवारी

काच अखंड.

१४ मार्च

बडे पाहुणे येणार म्हणून तटावर रोषणाई! ड्रिल मशीनने भिंतीत भोकं पाडली, एका ओळीत, छान मापात. मी धावत गेले. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, परवानगी आहे." दाखवा म्हटलं. "तोंडी आहे."

साहेबांकडे गेले. "अहो, तात्पुरतं आहे. उद्या काढतील." दादाचा टेकू काय जन्मभरासाठी होता? हे मनात. तोंडाने फक्त "बरं सर." निषेधाचं टिपण मात्र लिहिलं, चांगलं कडक. साहेबांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि त्यावर कप ठेवला. मग मी काय केलं? भोकं कुठे कुठे आहेत ते नकाशावर खुणा करून ठेवलं. एवढंच माझं शौर्य.

३० मार्च

दादाचा फोन. मागचं दार अडकतंय. दोनदा रंधा मारून झाला. फडताळातल्या डब्यांवर माती पडते.

संध्याकाळी गेले. बोळात शिरून टॉर्च मारला. काच अखंड. चकचकीत.

"दादा, काच खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो?"

"तसं नाही रे. लाकूड फुगतं, जुनं घर आहे—"

"भिंत जुनी झाली तर वारसा. घर जुनं झालं तर लाकूड फुगलं. चांगलंय तुमचं!"

आणि नवल म्हणजे वहिनीने माझी बाजू घेतली! "ती शिकलेली आहे. ती म्हणतेय ना काच चांगली आहे? मग झालं. उगाच गल्लीभर बोंब मारू नका." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या बाजूने बोलली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

१२ एप्रिल

दादाने दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज केला. आता त्याने कायद्यानेच जायचं ठरवलंय. मलाच विचारून, माझ्याच पेनाने भरला. जाताना म्हणाला, "बघू तुझा कायदा माझ्याही उपयोगाचा आहे का."

१३ एप्रिल

काच अखंड.

९ मे

समितीची बैठक एकदाची झाली. चौघेजण, त्यातला एक झोपलेला. दादाच्या अर्जावर साहेबांनी माझीच निरीक्षणं वाचून दाखवली— "फेब्रुवारीपासून कोणतीही हालचाल नाही." अर्ज फेटाळला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग बिस्किटं आली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "चला, भावाला खुळा ठरवून मोकळी झालीस." मी म्हटलं, मोजमाप ते मोजमाप, त्यात भाऊ कुठून आला? त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

२ जून

हे नीट लिहायला हवं.

दोन दिवस वारा नुसता सुटला होता. आज सगळ्या पट्ट्या तपासायला निघाले. पहिल्या आठही मळलेल्या, वर धुळीचा आणि चुन्याचा राप. ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय आरपार दिसेना. शेवटी दादाच्या बोळात गेले. तिथली पट्टी लख्ख! फडकं हातातच राहिलं.

उघड्या बोळात चार महिने राहिलेली काच लख्ख कशी? मी दर वेळी तडा शोधत होते. धूळ कधी शोधलीच नाही. उलट "चकचकीत" म्हणून कौतुक केलं! प्लॅस्टरला नख लावलं, नख आत गेलं. चार महिन्यांचं प्लॅस्टर असं मऊ नसतं. वर तारीख माझीच, पाच फेब्रुवारी. आकडेही माझ्यासारखेच, नीट गिरवलेले.

आत गेले. दादा बाहेर गेला होता. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"किती वेळा बदललीस?"

"चारदा. नाही, पाच." हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी तिने पूर्ण केली. "पहिली तर आठ दिवसांतच गेली."

"दादाला माहीत आहे?"

"त्यांना सांगून काय करू? ते बिचारे भिंत हलतेय म्हणून ओरडतात, आणि मी हलत नाही म्हणून दाखवते. आमच्या संसारात एवढंच राहिलं होतं."

मला रडू यायला लागलं आणि संतापही. "वहिनी, अगं भिंत अंगावर येईल!"

"येईल तेव्हा येईल. तुझ्या ऑफिसची माणसं मात्र नक्की येतील."

ती उठली. माळ्यावरून उरलेल्या पट्ट्या काढल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या. खिडकीच्या तावदानातून कापून घेतलेल्या. माझ्या हातात दिल्या. "सांगणार आहेस ना?"

मी तिचे दोन्ही हात धरले. शब्द दिला— दोन महिने. शिंप्याचं झालं तसं होणार नाही. आता मी आहे ना तिथे! घराची किल्ली मी स्वतः तुझ्या हातात आणून देईन.

तिने हात सोडवून घेतले नाहीत. धरलेही नाहीत.

३ जून

कळवलं. "काच तडकली." पट्ट्यांचं लिहिलं नाही.

६ जून

घर रिकामं केलं. सील लावताना लाख माझ्या बोटाला चिकटली. दोघं आता आमच्याकडेच आहेत.

दादाला वाटतं, काच तुटलेली दिसत असूनही मी चार महिने "अखंड" लिहीत होते, नोकरी सांभाळायला म्हणून. मी तसंच वाटू दिलं. तो माझ्याशी बोलत नाही, माझ्याविषयी मात्र माझ्याच नवऱ्याशी बोलतो— "त्यांना म्हणावं, मीठ द्या." भिंत खरंच हलत होती. त्याचंच बरोबर निघालं. त्याला त्याचाही आनंद नाही. वहिनी मान खाली घालून जेवत होती.

८ जुलै

तटाला आधार दिला. तज्ज्ञ आले, मोजमापं झाली, समितीची मंजुरी झाली. काय दिला आधार? लाकडी टेकू! दादाने जिथे लावला होता, बरोबर तिथेच. फरक एवढाच की यावर क्रमांक रंगवलाय. साहेबांनी टेकूजवळ उभं राहून फोटो काढून घेतला.

घरी सांगितलं नाही.

२० ऑगस्ट

दुरुस्ती पूर्ण. फट चुन्याने भरली, पाया बांधून काढला, टेकू निघाला. काम खरोखर चांगलं झालंय, ते मान्य केलं पाहिजे. शब्दाला काही दिवस उशीर झाला, पण होईल. साहेबांना विचारलं, घराचं सील कधी काढू? "समितीच्या पुढच्या बैठकीत घेऊ ना. घाई काय आहे? तुमच्याकडेच आहेत ना ते?"

११ सप्टेंबर

वहिनीने आणलेली खोकी अजून उघडलेली नाहीत. पलंगाखाली तशीच बांधून ठेवलीत. लागेल ती वाटी, लागेल तो चमचा माझा घेते. मी म्हटलं, अगं उघड की, हे घर तुझंच आहे. म्हणाली, "उघडली तर इथेच राहिल्यासारखं होईल."

संध्याकाळी मी दारातून आत आले की ती फक्त बघते. विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२८ सप्टेंबर

बैठकीची तारीख लागली! मी स्वतः टिपण तयार केलंय, कलमांसकट. भिंत स्थिर, काच अखंड. या वेळची काच मी लावली आहे, मीच तपासते, आणि ती मळलेली आहे. आज दादा नवऱ्यामार्फत का होईना, म्हणाला, "त्यांना म्हणावं, नीट बोला तिथे."

४ ऑक्टोबर

बैठक झाली. तटालगत राहायला यापुढे कायमची मनाई. ऑफिस चालेल. तटाच्या देखरेखीचं ऑफिस दादाच्या घरात होणार, आणि ते मी सांभाळायचं. सही घेऊन किल्ली मला दिली. शिपाई विचारत होता, मॅडम, तुमचं टेबल कुठे लावू?

घरी आले. दार वहिनीने उघडलं. आज तिने विचारलं, "झाली का बैठक?"

म्हटलं, "पुढे ढकलली."