वाऱ्याला बाहेरची वाट

७ एप्रिल १९६५, पिंपळगाव राजा
श्री.ची गाडी आज पुन्हा उकळली. घाट दूरच, गावाबाहेरचा साधा चढ. नाकातून वाफ सोडत उभी राहिली. म्हशीसारखी दिसते म्हटलं, तर हसला नाही. धाकटा भाऊ हसला नाही की मला जेवण जात नाही.

एका कापूसवाल्याच्या गोठ्यात पडलेला हा विलायती सांगाडा. दोन वर्षं खपून यानं त्याची स्पोर्ट कार केली. कुठल्या मासिकात शर्यतीच्या गाडीचा फोटो पाहिला, इंजिन माणसाच्या पाठीमागं, मधोमध. मग यानंही इंजिन उचलून सीटमागं बसवलं. रेडिएटर मात्र पुढं नाकातच. मधे पाण्याचे दोन पाइप, माझ्या पायाखालून. तळवे भाजतात. पंखाही इंजिनाबरोबर मागं गेला. आता रेडिएटर थंड करायला फक्त समोरून येणारा वारा.

९ एप्रिल
श्री.च्या बायकोचं, सुमनचं पत्र, माहेराहून, बुलढाण्याहून. मुलगी पालथी पडते म्हणे. तिच्या पायाचा ठसा कुंकवात काढून पाठवलाय. श्री.नं तो टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला.

खाली एक ओळ : “एसटीनं येऊ नका. बाबा वाटच पाहून राह्यले की तुम्ही एसटीनं येता.”

बारशाला सगळ्यांसमोर म्हणाले होते ते. “जावईबापू, अमरावतीची नोकरी सोडली ना? आता त्या डब्यात बसून घाट चढून या, न उकळता, अक्षय तृतीयेच्या आत. मंग बायको-पोर घेऊन जा, गॅरेज काढा, मी बोलत नाही. नाही त जिनिंगमधली कारकुनी धरा न् इथंच राहा.” आणि हा सगळ्यांसमोर “हाव” म्हणाला. रागावून हो म्हणायची आमच्या घरची जुनी खोड.

१३ एप्रिल
वाळ्याची ताटी. कल्पना श्री.ची, शाबासकी माझी, म्हणजे चूक दोघांची. खिडकीला ओली ताटी लावली की घर गार होतं, मग गाडीला का नाही? हातभर ताटी विणून घेतली, भिजवून नाकावर बांधली. रस्ताभर वाळ्याचा सुगंध. लोक वळून पाहत होते. नेहमीपेक्षा मैलभर आधीच उकळली.

१४ एप्रिल
गयाबाई आमच्या ताटीवर पाणी मारायला येतात. श्री. ओसरीवर तोंड पाडून बसलेला. विचारलं काय झालं, ऐकून घेतलं, आणि बादली न ठेवताच म्हणाल्या,
“मांगची खिडकी उघडी हाय का तिची?”
“कोणाची?”
“गाडीची. इथं मांगची खिडकी लावली त मी दिवसभर पाणी मारलं तरी तुमी भाजसान. भाईर जाले वाट नाही, त वारा आत काऊन येईन?”

श्री. उठला आणि चप्पल न घालता गाडीकडं गेला. नाकात जाळीतून वारा शिरतो, रेडिएटरमधून जातो, आणि पुढं? बंद पेटी. वर पत्रा, मागं पत्रा. कोंडलेला वारा नव्या वाऱ्याला दारातच अडवतो.

चाळीस उन्हाळे मी मागची खिडकी रोज सकाळी उघडते आहे. कधी विचारलं नाही, का.

१७ एप्रिल
रहीमभाईंकडे. कोठ्या, बादल्या करतात. बॉनेट त्यांनीच ठोकलेलं. श्री.च्या मते भोक जितकं मागं तितकं बरं, म्हणून समोरच्या काचेला लागून लांब फट कापली. वाटेत काहीच बदललं नाही. उकळली.

पाळण्याची दोरी आणून ठेवली होती ती श्री.नं गुंडाळून फळीवर टाकली. ते मला पाहवलं नाही.

२० एप्रिल
आज जे पाहिलं ते नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

सकाळी वाती वळत होते. श्री. म्हणाला, “अक्का, वारा दिसला असता त बरं झालं असतं.” हातात वात होती. फुंकर मारली, ती लवली. दोघंही तिच्याकडं पाहत राहिलो.

मग देवाच्या सगळ्या वाती बॉनेटवर, एकेक टोक खळीनं चिकटवून. चाळीसेक असतील. नांदुऱ्याच्या सरळ रस्त्यावर श्री.नं वेग घेतला. मी शेजारी, पदर दातात धरून.

आणि वारा दिसला.

कडेच्या वाती मागं पडून सरळ झाल्या, विंचरल्यासारख्या. काचेपाशीच्या, आम्ही कापलेल्या फटीवरच्या, उलट्या वळून फटीत शिरत होत्या. वारा काचेवर आपटून तिथं साचत होता, आतच जात होता. बाहेर पडायच्या दारातून आत. आणि नाकाच्या जरा मागं, जिथं पत्रा वाकून सपाट होतो, तिथल्या सहा-सात वाती उभ्या. थरथरत, वर. कोणी चिमटीत धरून ओढल्यासारख्या.

“अक्का, काय दिसून राह्यलं? सांग ना.” त्याची नजर रस्त्यावर. गाव, रस्ता, मी, सगळं जन्मभर या वाऱ्याच्या आत आहे आणि त्याला असा घाट आहे, वळणं आहेत, हे...
शेवटी बोटानं दाखवलं.

२२ एप्रिल
रहीमभाई : “परत कापू? बाई, याले समजवा. हे बॉनेट हाय का बुंदीचा झारा?”
मी म्हटलं, मी पाहिलंय, तिथंच कापा.
“तुमी पाह्यलं? हवा?”
“हो.”
रहीमभाईंनी कातर उचलली. जुन्या फटीवर पत्रा. नवी फट पुढं, वाती उभ्या राहिल्या तिथं. पुढच्या काठाला बोटभर उभा ओठ, आतला वारा वर ओढायला. रेडिएटरच्या बाजूच्या फटी आईच्या गोधडीच्या पट्ट्यांनी मी बुजवल्या, वारा चुकवून पळू नये म्हणून.

२६ एप्रिल
गावाबाहेरचा चढ तीनदा. नाही उकळली. फटीवर हात धरला. कढत वारा, जिवंत. श्री. म्हणतो घाट वेगळा, तिथं वेग कमी, वारा कमी. झोप नाही त्याला.

२ मे, बुलढाणा
पहाटे निघालो. बोथ्याच्या जंगलात घाट लागला. मी पाण्याच्या तापमानाचा काटा पाहत होते. चढला, आणखी चढला, लाल रेघेच्या केसभर अलीकडं थांबला. शेवटच्या वळणावर श्री. पुटपुटत होता. देवाचं असेल असं वाटलं. मुलीचं नाव होतं.

वर पोचलो. वाफ नाही. उतरून गाडीच्या नाकाला हात लावला दोघांनी. रडलो नाही, पण तसंच काही.

दारात सुमनचे वडील. आधी बॉनेटभोवती फिरले, फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडायला लावलं, पाणी मोजल्यासारखं पाहिलं. फटीवर तळहात धरला. बराच वेळ तसाच. तेवढ्यात सुमन आतून मुलीचं ओलं दुपटं घेऊन आली आणि कोणाला न विचारता त्या फटीवर अंथरलं. मलमलीचं ते, कडेनं जरा उचललं गेलं, फुगलं, परत बसलं. इंजिन चालू, गाडी उभी, तरी आतली धग वर येत होती. मुलगी हात उडवून हसली. सगळ्यांत आधी हसले ते तिचे आजोबा, पण लगेच खोकले.

“सकाळच्या गारव्यात कोणीबी चढते, जावईबापू.”
“मंग?”
“उद्या भर दुपारी. मी बसतो बाजूले.”

सुमननं ट्रंक भरून दारात आणून ठेवली आहे. झाकण लावलेलं नाही. दुपटं वाळलं.