चौथ्या खुर्चीची तक्रार मागे घेण्याचे लेखी कारण

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग उपचार विभाग, तळमजला.

विषय : पत्नीशेजारच्या खुर्चीवरील रुग्णास अन्यत्र हलविण्याचा अर्ज मागे घेणेबाबत, तक्रार मात्र कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज.
२) आपल्या लिपिकांचे तोंडी फर्मान : "मागे घ्यायचाय तर कारण लेखी द्या."

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार शिंपी असून त्याच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग आहे. गाठ तिची तिलाच आंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती, तरी ती दुसऱ्याच दिवशी तपासायला गेली. दुखत नाही तर कशाला जायचे, असे अर्जदाराचे तेव्हाचे मत होते. नुसती गाठ काढून पुढे किरणोपचार घ्यायचे की पूर्ण स्तन काढायचा, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावले. पत्नीने अर्जदाराकडे पाहिले. अर्जदार "हं" म्हणाला. मग तिने तिचे ठरवले. गाठ काढून झाली असून सध्या केमो चालू आहे.

२. केमोच्या खोलीत नातेवाइकांना प्रवेश नाही. त्यांच्यासाठी काचेबाहेर बाकडे आहे. पत्नीची खुर्ची तिसरी. चौथीवर एक निवृत्त बस कंडक्टर असतात. तोंडाच्या कर्करोगात त्यांचा अर्धा जबडा गेला आहे, त्यामुळे बोलणे बोबडे येते व ते ऐकण्यासाठी अर्जदाराच्या पत्नीस मान तिकडे झुकवावी लागते. ती झुकवते. सलाईन संपेपर्यंत झुकवते. मधूनच हसते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण अर्जदाराचे बोलणे ऐकायला तिने मान झुकवल्याचे अर्जदारास आठवत नाही. घरी त्याच्या वाट्याला "मीठ बरोबर आहे ना?" एवढेच येते. लिपिकांनी "कारण स्पष्ट लिहा" असे बजावले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : अर्जदार जळत होता.

३. अर्धा जबडा गेलेल्या माणसावर काय जळायचे, असे आपण म्हणाल. अर्जदारही स्वतःला तेच म्हणत असे. तरीही केमोच्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बाकड्यावर बसू लागला. काचेतून कोणी वळून पाहिले नाही. पत्नीचे केस गेले तेव्हा त्याने मऊ सुती कापडाच्या दोन टोप्या शिवल्या. डोक्याला टोचू नये म्हणून शिलाई बाहेरच्या बाजूला घेतली. असे काम तो गिऱ्हाइकाला करून देत नाही. पुढच्या खेपेस त्यांतली निळी टोपी कंडक्टरांच्या डोक्यावर होती. माप पत्नीचे होते, पण त्यांना फिट बसली होती, हे शिंपी म्हणून नाइलाजाने मान्य करावे लागते.

४. यानंतर गव्हांकुराच्या रसाचे प्रकरण घडले. एका गिऱ्हाइकाने सांगितले की या रसाने गाठी विरघळतात. अर्जदार पहाटे उठून तो काढू लागला व थर्मासमधून देऊ लागला. कंडक्टर पत्नीस म्हणाले, "आधी सिस्टरना विचारा, मगच प्या." सिस्टरनी सांगितले की केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, अशात कच्च्या रसातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि गाठी त्याने विरघळत नाहीत. पत्नीने भरलेला थर्मास परत आणून ओट्यावर ठेवला. सिस्टरांचे बरोबर असेल. परंतु सल्ला तिकडचा, मेहनत इकडची, आणि ओतून द्यायचा तोही अर्जदारानेच. त्या दुपारी त्याने संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला.

५. अर्जावर कार्यवाही होईना. तेव्हा गेल्या खेपेस सिस्टर औषध आणायला वळताच अर्जदार नियम मोडून आत शिरला व चौथ्या खुर्चीमागच्या पडद्याआड उभा राहिला. याबद्दल काय दंड असेल तो करावा. चोर पकडायला गेलेल्या माणसाच्या तयारीने तो गेला होता. त्याने पुढील शब्द ऐकले.

पत्नी म्हणाली, "तुम्हाला पहिल्यांदा कळलं कसं?"

कंडक्टर म्हणाले, "तिखट झोंबायला लागलं. गालात पांढरा चट्टा आला. दुखत नव्हता, म्हणून मी गेलो नाही. पुढे तोंडच उघडेना. उभी तीन बोटं आत जायला हवीत. माझी दोनसुद्धा जाईनात."

पत्नी म्हणाली, "यांचीसुद्धा दोनच जात असतील. मी जेवताना बघते ना. घास लहान झालाय. भाजीत मिरची घालायची मी कधीच बंद केली, यांना पत्तासुद्धा नाही. कसं सांगू? बोलायला गेलं की गालात तंबाखू. नुसतं हं म्हणतात."

कंडक्टर म्हणाले, "माझी बायको होती तेव्हा मीसुद्धा हंच म्हणायचो."

यावर पत्नी हसली नाही. सलाईन नसलेल्या हाताने तिने डोळे पुसले. काचेबाहेरून मान झुकलेली तेवढी दिसते, डोळे दिसत नाहीत, ही त्या बाकड्याची मोठी उणीव असून तिची नोंद घ्यावी.

६. अर्जदार थेट आपल्या स्वच्छतागृहातील आरशासमोर गेला. चूळ भरली. तीन बोटे गेली नाहीत. डाव्या गालात आत पांढरे दिसले. मीठ बरोबर आहे का, असे विचारून ती त्याच्या तोंडाला झोंबते का ते बघत होती, हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळले. बाहेर येऊन तो बाकड्यावर बसला. तो फार घाबरला आहे, हेही लेखीच असू द्यावे.

७. सबब विनंती की,
(अ) संदर्भ क्र. १ रद्द समजून कंडक्टरांना चौथ्या खुर्चीवरच ठेवावे. निळी टोपी त्यांच्याकडे राहू द्यावी.
(आ) अर्जदाराच्या तोंडाची तपासणी व आवश्यक तर तुकडा काढून तपासणे, पत्नीच्या केमोच्याच दिवशी ठेवावे.
(इ) त्यात काही निघालेच व सलाईनची वेळ आली, तर दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची अर्जदारास द्यावी, म्हणजे पत्नी मध्ये येईल. तिची मान चौथीकडेच वळते, ही तक्रार तूर्त कायम आहे.

८. इथवरचा अर्ज अर्जदाराने तोंडात काही न ठेवता पत्नीस मोठ्याने वाचून दाखवला. घाबरल्याच्या कलमापासून तो हळू वाचू लागला. टोपीचे कलम ऐकून ती हसली. बाकीचे नीट ऐकू येईना, म्हणून तिने मान झुकवली.

आपला,
बाकड्यावरचा शिंपी
(तिसऱ्या खुर्चीचा नवरा)

दिनांक : केमोच्या आदल्या दिवशी

सोबत : तंबाखूची पुडी, एक, अर्धी शिल्लक. परत करू नये.