आईच्या यादीतली वंदना

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा ड्यूटीवर. आईला जाऊन आठ दिवस झाले. राळेगाव डेपो, सकाळची गाडी, शेवटच्या गावापर्यंत. ड्रायव्हर बावणेभाऊ वाटभर एक शब्द बोलले नाहीत. एरवी माणूस म्हणजे नुसता रेडिओ. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया चढल्या. "रत्नाताई, बाई गेल्या म्हने?" म्हणून दोघी रडायलाच लागल्या. त्यांना आईनंच पाटीवर अ आ ई गिरवायला लावलेलं. मी तिकिटं काढत राहिले.

तीन नंबरच्या सीटवर एक म्हातारा बसला, तंबाखू मळत. उगाच त्याच्यावर खेकसले. त्याची काय चूक? ती आईची सीट आहे हे त्याला कोण सांगणार. मी या मार्गावर लागले तेव्हापासून, पंधरा वर्षं, आई वर्षातून दोन-तीनदा माझ्या गाडीत यायची. शेवटच्या गावात गाडी वीस मिनिटं थांबते. ती थांब्याच्या बाकड्यावर बसायची, बाटलीतलं पाणी प्यायची, अन् त्याच गाडीनं परत. म्हणायची, "तुझ्यासंग फिराले येतो गं." डेपोत मी मिरवायचे. माझ्या आईसारखी आई कोणाची नाही म्हणायचे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
नागपूरहून दादाचा फोन. ७ डिसेंबरच्या रविवारी चर्चमध्ये स्मरणाची उपासना. आईचा जीवनपट दादा लिहिणार, मी वाचायचा. का, तर "तुहा आवाज मोठा आहे, कंडक्टरचा."

संध्याकाळी मोबाइलवर पाठवला पण. आदर्श शिक्षिका, प्रेमळ माता, चर्चच्या मंडळीचा आधार, एकही रविवार चुकवला नाही. रविवारचं खरं आहे. ताप असला तरी स्वेटर घालून जायची. प्रेमळ म्हणावं तर शाळेत. टेकडीवरच्या शाळेत दर सोमवारी हापशीखाली लोकांची पोरं घासूनपुसून न्हाऊ घालायची, नखं कापायची. माझी वेणी मात्र अशी करकचून घालायची की डोळ्यात पाणी यायचं. बाबा गेल्यावर एकटीनं दोघांना वाढवलं, वेळ कुठून आणणार होती? कळतं. तरी राग येतोच.

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चला गेले. शेवटचं बाक रिकामं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्या दिवशी आई पुढची जागा सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. भाकर अन् द्राक्षरसाचं तबक आलं की न घेता पुढं सरकवायची. आम्हाला म्हणायची, "मले रस सोसत नाही." आम्ही येडे, खरं मानलं. घरी द्राक्षं आणली की मूठभर खायची.

पास्टरसाहेबांना आज विचारलं. ते म्हणाले, "मी पण विचारलं होतं. बाई म्हणाल्या, एकीशी मिटवायचं राहिलंय, ते न मिटवता भाकर कशी घेऊ. मिटलं की येईन पुढे. नाव नाही सांगितलं." बावीस वर्षं माणूस प्रभूच्या मेजाला हात लावत नाही, अन् पोटच्या पोरीला पत्ता नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सुटी. आईचं कपाट आवरलं. बायबलच्या खाली प्रार्थनेच्या वह्या, सात. पहाटे उठून ती एकेक नाव घेऊन प्रार्थना करायची. समोर पेन्सिलीनं खूण म्हणजे देवानं ऐकलं. 'रत्नाची नोकरी', खूण. 'दादाचं ऑपरेशन', खूण. जुन्या विद्यार्थ्यांची नावंच नावं. कोणी दारू सोडली, कोणाला पोरगं झालं. सगळीकडे खुणा.

प्रत्येक वहीत पहिलं नाव एकच. वंदना. खूण नाही. खाली फक्त तारखा, अन् प्रत्येक तारखेपुढे 'अजून नाही.' एक वही भरली की दुसरीत पहिल्या ओळीवर पुन्हा वंदना.
कोण वंदना?

१५ नोव्हेंबर, शनिवार
तायडे गुरुजींकडे गेले. ते टेकडीच्या शाळेचे मुख्याध्यापक, तिथं दोघंच होते, ते अन् आई. आता ऐकू कमी येतं, पण वंदना म्हटल्याबरोबर ऐकू आलं.

"आता कायले उकरतं माय ते?" म्हणाले. मग सांगितलंच.

बाबा गेले त्या वर्षीची गोष्ट. जूनमध्ये पट भरेना. पट कमी म्हणजे दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, म्हणजे आईची. बदली झाली असती फुलसावंगीकडे, जिल्ह्याच्या पार त्या टोकाला. मी सात वर्षांची, दादा अकराचा. मग आई अन् गुरुजी घरोघरी फिरले अन् चार-चार वर्षांची लेकरं उचलून आणली. रजिस्टरात सहा लिहिलं. सगळ्यांची जन्मतारीख एक जुलै. "सगळेच करत होते तवा," गुरुजी म्हणाले. "कोनाले वाटलं होतं, पुढं काय होईन?"

वंदना त्यातलीच. आई तिला कडेवर शाळेत न्यायची, दुपारी टेबलाखाली गोधडी टाकून निजवायची. वर्गात सगळ्यांत हुशार निघाली. बारावी पास झाली तेव्हा खरं वय सोळा. दाखल्यावर अठरा. बापानं दाखला पुढं केला अन् लगीन ठरवलं. कोणी बोट ठेवायला जागाच नाही.
"ते पोरगी आलती बाईकडे," गुरुजी म्हणाले. "बाईनं नाही म्हटलं." मग त्यांनी सुपारी कातरायला घेतली. लग्न होऊन वंदना कुठं गेली, ते गाव मी विचारलं. ते माझ्याच गाडीचं शेवटचं गाव आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
चर्चला नाही गेले. पहिल्यांदा.

मला ती पोरगी आठवली. मी तेव्हा कॉलेजात. दोन वेण्या, हिरवा ड्रेस, दाराशीच उभी. आईनं बस म्हटलं तर बसली नाही. मी आलं टाकून चहा केला. आत पुस्तक घेऊन बसले, पण ऐकू येत होतं. ती म्हणत होती, "बाई, तारीख तुम्ही टाकलती. तुम्ही लिहून द्या न खरं वय. मले डीएड कराचं आहे." अन् आई म्हणाली, "रजिस्टरात आहे तेच खरं, बाळा." आईच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. खोटी नोंद कबूल केली असती तर नोकरी गेली असती, वरून चौकशी.
पोरगी गेली. कपात चहा तसाच, वर साय धरलेली. मी मोरीत ओतला अन् कप विसळला. एवढंच केलं मी.

२० नोव्हेंबर, गुरुवार
शेवटच्या गावात गाडी लागली. बावणेभाऊंना म्हटलं, वीस मिनिटांत येते. थांब्यावर विचारलं तेव्हा कळलं, समोरच अंगणवाडी आहे, वंदना तिथं मदतनीस. पंधरा वर्षं मी या बाईच्या समोर गाडी उभी करून राहिले! माझ्याच गाडीत बसलीही असेल, तिकीटही दिलं असेल.

खिचडी वाढत होती. मी नाव सांगितलं तर हात नाही थांबला तिचा.

म्हणाली, "बाई गेल्या, मालूम आहे. या वर्षी आल्या नाहीत."
"म्हणजे?"
"त्या बाकड्यावर येऊन बसत न. इकडंच तोंड करून. मी खिडकीतून पाहत राह्यची. वाटे, आज येतीन आत. मंग तुमचा ड्रायव्हर हॉर्न मारे, अन् बाई चढून जात."
मी म्हटलं, "मग तुम्ही काहून नाही गेल्या बाहेर?"
"मी कायले जाऊ? मी एकदा गेलती त्यायच्या दारात."

मी हात जोडले. आईच्या वतीनं माफी मागते म्हटलं. तर म्हणाली, "तुम्ही कायले मागता? तुम्ही त चहा केलता. आलं टाकलं होतं, वास येऊन राह्यला होता." इतक्या वर्षांनी आल्याचा वास लक्षात आहे तिच्या. मी तिथंच पायरीवर बसले अन् रडले, अंगणवाडीची लेकरं खिचडी खायचं सोडून माझ्याकडे पाहायला लागली.

निघताना तिनं सांगितलं की पोरगी आहे तिला, दहावीत. "तिची तारीख मी सोता उभी राहून लिहून घेतली. मास्तरले दोनदा वाचाले लावली."
हॉर्न वाजला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
माझ्या जुन्या रोजनिश्या काढल्या. 'आज आई आली गाडीत. मजा.' 'आई आली, तिनं बावणेभाऊंना लाडू दिला.' 'आई आली. बरं वाटलं.' शेजारी आईची वही ठेवली. तारखा त्याच. तिच्या वहीत 'अजून नाही', माझ्या रोजनिशीत 'मजा'.

माझ्यासाठी येतच नव्हती ती. एकदासुद्धा नाही? परत येताना ती खिडकीकडे तोंड करून बसायची, मला वाटायचं शेतं पाहते. त्या बाकड्यावरून उठून वीस पावलं चालायचं होतं, बस. टेकडी चढून शाळेत जाणाऱ्या बाईला वीस पावलं जमली नाहीत. लई राग आला. मग कपाटातला तिचा चष्मा दिसला अन् तोही टिकला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
दादाला सगळं सांगितलं. जीवनपटात वंदनाचं वाचणार म्हटलं. तो भडकला. "डोकं फिरलं का तुहं? जिनं एवढी पोरं शिकवली तिचं हेच वाचाचं? भर मंडळीत? आईचं नाव मातीत घालून तुले काय भेटते?"

मी म्हटलं, ती स्वतः बावीस वर्षं शेवटच्या बाकावर बसली, तिला नव्हती का आपल्या नावाची काळजी?
तो म्हणाला, "तिनं आपल्यासाठी केलं ते. बदली झाली असती त आपन कुठं असतो, सांग बरं." हे खरं आहे. तेच तर बोचतं. त्या जागेवर मी शिकले, दादा शिकला, अन् किंमत टेबलाखाली निजलेल्या लेकरानं दिली.
दादानं फोन आपटला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा तीच फेरी. वंदनाला विचारलं, तुमचं नाव चर्चमध्ये घेऊ का? नको म्हणाल तर नाही घेणार. तिनं पातेलं घासून पालथं घातलं, हात पुसले.

"वाचा," म्हणाली. "पन वय बी वाचा. दाखल्यावरचं नाही. सोळा."
तुम्ही याल का, विचारलं. ती लेकरांच्या ताटल्या गोळा करायला लागली.

७ डिसेंबर, रविवार
पास्टरसाहेबांनी आधी स्मरण घेतलं, भोजन नंतर. दादा पहिल्या बाकावर. माझ्या हातात त्याचा कागद, मागं माझा. त्याचा सगळा वाचला. आदर्श शिक्षिका, प्रेमळ माता, एकही रविवार चुकवला नाही. एक अक्षर गाळलं नाही, कारण त्यातलं काही खोटं नाही. मग मागचा कागद घेतला. कंडक्टरचा मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे, दुसऱ्या बाकापर्यंतही पोचला नसेल. थांबले, पाणी प्याले, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आईनं एका मुलीचं वय दोन वर्षं वाढवून लिहिलं. ती मदत मागायला आली तेव्हा आईनं तिला परत पाठवलं. लग्न झालं तेव्हा वंदना सोळा वर्षांची होती. कोणीतरी बाई "देवा रे" म्हणाली. दादा खाली पाहत होता.

वर पाहिलं तर शेवटच्या बाकावर वंदना. कधी आली, कळलं नाही. एकटीच, मांडीवर पिशवी. तिला काय माहीत ते बाक कोणाचं.

मी मागं जाऊन तिच्याजवळ बसले. तबक आलं. मी पुढं सरकवलं.

"तुम्ही नाही घेत?" तिनं हळूच विचारलं.

"आज नाही."

"बाई घेत?"

"तुम्ही घरी येऊन गेल्या तेव्हापासून नाही घेतलं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. उपासना संपल्यावर दादा माझ्याशी न बोलता गेटबाहेर गेला. तिथं रुमालानं तोंड पुसताना दिसला.

दुपारच्या गाडीनं वंदनाला सोडायला गेले. मी सुटीवर, म्हणून प्रवासी. तिनं विचारलं, "बाई कोनत्या शीटवर बसत?" मी तीन नंबर दाखवला. तिथं नाही बसली. शेजारी चारवर बसली, तीन रिकामीच ठेवली. मी मागं बसले. वाटभर ती खिडकीबाहेर पाहत होती, तुरीची शेतं होती तिकडं. उतरताना "येतो" एवढंच म्हणाली. अंगणवाडीकडे वळली. मागं पाहिलं की नाही, गाडी वळत होती, दिसलं नाही.

घरी आले, वही काढली. वंदनापुढं खूण करावी म्हणून पेन्सिल हातात घेतली, बराच वेळ घेऊन बसले. मग आईच्या शेवटच्या तारखेखाली आजची तारीख टाकली. पुढं लिहिलं, अजून नाही.

मंगळवारी त्याच फेरीवर ड्यूटी आहे. वीस मिनिटं मिळतात. बाकड्यावर बसायचं नाही.