धाकट्याच्या नावाची हाक

ग्लेन आर्डिक, स्कॉटलंड
१२ मार्च १८६३

चि. आर्ची यास अ. उ. आ.

तू तिकडे न्यूझीलंडात ओटागोच्या प्रांतिक सभेवर निवडून आल्याचं पाद्रीबाबांनी रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवलं. आईने शेजारणीला ढोसून सांगितलं, हा माझा धाकटा. आईला पाठुंगळी घेऊन चर्चची टेकडी मी चढलो होतो, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एकाच चुलीवरची लापशी आपण खाल्ली. तू पलटणीत पळालास, क्रिमियात पायात गोळी खाल्लीस आणि आज स्वतःच्या कुरणाचा धनी आहेस. मी अजून जमीनदाराच्या मेंढ्या राखतो. आता त्याला शिकारीला रान हवंय. पुढच्या मेपर्यंत घर सोडा, असं कारभारी सांगून गेला. ग्रिझेल म्हणाली, भाऊजींना लिहा. मी मदत मागत नाही, नुसतं कळवतो.

मोठा झालास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा थोरला भाऊ,
फिनले


टायेरी, ओटागो
३० जुलै १८६३

ती. फिनलेदादास सा. न. वि. वि.

तुझं टोचणं त्या गोळीहून खोल जातं. सभेत रस्त्यांवर, पुलांवर बोललो की लोक टाळ्या देतात. घरी आलं की जेवलास का, एवढं विचारायलाही कुणी नसतं. आईला उचलून नेण्याची तू कुरकुर करतोस, मला त्याचाच हेवा वाटतो. आणि ग्रिझेलही तुझ्याच घरात आली. मी पलटणीत का पळालो, हे तू कधी विचारलं नाहीस, बरंच केलंस.

नदीपलीकडचं कुरण रिकामं आहे. आईला घेऊन सगळे या. मुलांना पापा.

रागावलास तरी माया असू दे.

तुझा,
आर्ची


ग्लेन आर्डिक
९ डिसेंबर १८६३

चि. आर्ची यास अ. उ. आ.

आई मंगळवारी गेली. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, ग्रिझेलची ओळ गाळून. ती म्हणाली, तुम्ही जा, मी तुमच्या बापाशेजारीच बरी.

शेवटच्या दिवशी तिने मला आर्ची म्हणून हाक मारली. मी ओ दिली. पाय दुखतो का रे, म्हणून विचारलं. नाही दुखत, म्हणालो. जन्मात जळलो नसेन इतका तेव्हा तुझ्यावर जळलो. पण तिचा हात सोडला नाही.

मार्चच्या जहाजाने आम्ही निघतो. तुझ्या घरी दोन दिवस राहू, मग नदीपलीकडे. ग्रिझेलला यातलं काही ठाऊक नाही. तूही बोलू नकोस. आणि पुढच्या निवडणुकीत माझं मत तुलाच, असं धरून चालू नकोस.

भेटीपर्यंत जीव सांभाळ.

फिनले