न वाजलेल्या दोन टोल्यांबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण विभाग, दुसरा मजला.

विषय: सूर्यग्रहणाच्या दिवशी घंटा न वाजवल्याचा दोष माझ्या नावे नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ: माझा आधीचा अर्ज, जो 'अर्जदार तक्रारदार आहे की दोषी, याचा बोध होत नाही' असा शेरा मारून परत आला.

महोदय,

वरील शेऱ्याच्या अनुषंगाने खुलासा करते की, मी दोषी आहे. तक्रारही माझीच आहे आणि ती माझ्याविरुद्ध आहे. यात बोध न होण्यासारखे काय आहे ते कळवावे.

१. मी शाळेत शिपाई आहे. घंटा, पाणी आणि किल्ल्या माझ्याकडे असतात. मुले मला मावशी म्हणतात. फळा पुसता पुसता वाचायला-लिहायला शिकले, त्यामुळे अर्ज लांबल्यास सांभाळून घ्यावे.

२. ग्रहण खग्रास होते. विज्ञानाच्या बाईंनी आठवडाभर मैदानावर तालीम घेतली. सूर्य पूर्ण झाकला की एक टोला, म्हणजे चष्मे काढायचे. तो पुन्हा डोकावण्याआधी दोन टोले, म्हणजे चष्मे लावायचे. "माझ्या ओरडण्यावर जाऊ नका, घंटेवर जा," असे बाईंनी मुलांना बजावले होते. घंटेवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, आणि घंटा माझ्या हातात होती.

३. बाईंनी आपले घड्याळ माझ्या मनगटावर बांधले, काटा कुठे आला की दोन टोले द्यायचे ते दाखवले आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही वर बघू नका हं. तुम्ही फक्त घड्याळ बघा." मी म्हटले, "बाई, मला कुठली हौस आलीय आता या वयात?"

४. पहिला टोला मी बरोबर दिला. मग अंधारले. पाखरे गप्प झाली. सगळी मुले एकदम ओरडली. मी मान वर केली. साहेब, जन्मभर मी वर पाहिले ते कौलांची गळती बघायला. त्या दिवशी पहिल्यांदा नुसतेच पाहिले. हातोडी हातात होती. तिची शुद्ध मला राहिली नाही.

५. उजेड फुटला तेव्हा बाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्या, "चष्मे!" बहुतेक मुलांनी तेवढ्यानेच चष्मे लावले. काहींनी तर आधीच, डोळे दिपले म्हणून लावले होते. बेशिस्त मुले वाचली. माझ्याशेजारी उभी असलेली एक मुलगी मात्र चष्मा हातात धरून, वर बघत, दोन टोल्यांची वाट पाहत राहिली. सांगितलेले ऐकणारी ती एकटीच निघाली.

६. आता तिला समोरचे मधोमध दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, भरून येईल, वाट पाहा. पुन्हा वाटच पाहायची. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे येते, कोंबडीसारखी मान तिरकी करते आणि सांगते, "मावशी, आज तुमचे कान दिसले. नाक अजून नाही." मी म्हणते, "नाकात काही बघण्यासारखं नाही गं." ती हसते. मी भांडी विसळायला जाते.

७. आपल्या चौकशीत तिने सांगितले की घंटा झाली होती, तिलाच चष्मा लावायला उशीर झाला. गोंगाटात बाकी कोणालाच काही ऐकू आले नव्हते. मला कोणी विचारले नाही. मी चौकशीला आलेल्या साहेबांना पाणी देत होते. ग्लास ठेवून बोलता आले असते. बोलले नाही. नंतर तिला विचारले, असं का सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही पण बघत होतात ना. मी पाहिलं तुम्हाला."

८. अहवालात 'विद्यार्थिनीने सूचनेचे पालन केले नाही' आणि 'शिक्षिकेचे लक्ष नव्हते' असे आहे. बाईंना घरी बसवण्याची भाषा चालू आहे. मी आपल्या कार्यालयात आले, तर बाबू म्हणाले, "मावशी, उपक्रमाची जबाबदारी शिक्षकांची. शिपायाला दोषी धरायची तरतूदच नाही. घरी जा, सुटलात." साहेब, मी सुटलेली नाही. तरतूद करावी.

तरी विनंती की:

बाईंवरील ठपका काढून माझ्यावर ठेवावा. नोकरी गेली तरी हरकत नाही.

अहवालात 'मुलगी घंटेची वाट पाहत होती' एवढे घालावे. ती खोटे बोलली असे मात्र कुठेही लिहू नये. ते कसे जमवायचे, ते कार्यालयाने पाहावे. कार्यालयाला याहून अवघड गोष्टी जमवताना मी पाहिले आहे.

पुढच्या ग्रहणासाठी सर्व शाळांना कळवावे की घंटेजवळच्या माणसाला सूर्याकडे पाठ करून उभे करावे. असा माणूस मिळणे कठीण आहे. कोणी न मिळाल्यास मला बोलवावे, मी तेव्हा नोकरीत असो वा नसो. माझे बघून झाले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
शाळेची शिपाई
(सही)
दिनांक: ग्रहणानंतरचा तिसरा सोमवार

सोबत: १) परत आलेला अर्ज, शेऱ्यासह. २) बाईंचे मनगटी घड्याळ. बाई परत घेत नाहीत आणि माझ्याच्याने हातावर ठेववत नाही. तपासून घ्यावे. वेळ बरोबर दाखवते.