बिनआवाजाची कडी

ता. ४ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

राणीसाहेबांच्या महालात मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू अशा: शिसवी पलंग एक, त्यात खिळा एकही नाही. सहा खणांचं कपडेकपाट. तिसरा खण घट्ट सरकतो, तो दमट हवेचा दोष, माझा नव्हे. त्यांच्या लेकीचा पाळणा, आणि ती मोठी झाल्यावर त्याच लाकडाचं तिचं लिहायचं मेज. खिडकीखालचं बाक. तुझी शिवणाची पेटी. ती विसरू नकोस, नाहीतर कारकून महालाची म्हणून ठेवून घेईल. आणि बागेकडच्या दाराची कडी.

महाराज दुसरं लग्न करणार आणि राणीसाहेबांनी लेकीला नि तुला घेऊन निघायचं, हे तुझ्या पत्रात वाचून त्या दिवशी रंधा हातात धरवला नाही. तेरा वर्षांचा संसार, आणि आता त्यांचं काय नि महालाचं काय ते कारकून ठरवणार.

एक बरी गोष्टही सांगतो. गेल्या आठवड्यात खुद्द कारभारी दुकानात आले होते. त्या कडीचं फार कौतुक केलं. मी त्यांना सगळं उलगडून दाखवलं: खाचेत चामडं, पितळेला मेण, आणि बागेच्या बाजूने एका बोटानेही उघडेल अशी खुंटी. शेजारी झोपलेल्याला कळायचं नाही, असंही म्हणालो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं काम एवढा मोठा माणूस चष्मा पुसून पाहतो, हे थोडं नाही.

राणीसाहेबांना माझा मुजरा. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. मापाड्यास,
अ. उ. आ.

कारभाऱ्यांनी चष्मा पुसला तो का, ते आता ऐक.

काल राणीसाहेबांना कागद आला. त्यांनी गुपचूप, बाहेरून बिनआवाज उघडणारी कडी बसवून घेतली. ती कोणासाठी, याचा जबाब पाच जाणत्यांसमोर द्यावा, असं त्यात आहे. साक्षीला तुझंच बोलणं, शब्दाला शब्द. शेजारी झोपलेल्याला कळायचं नाही, हेही. कोणी दोन शब्द गोड बोललं की तू हरभऱ्याच्या झाडावर चढतोस, हे मी तुझ्या मिशा फुटल्यापासून सांगत आले.

बाजूला तर त्यांना व्हायचंच आहे, ते त्यांनी कधीच मनाशी बांधलंय. पण डाग लागला तर लेक महालात राहील आणि त्या एकट्या निघतील, असं कागदाच्या शेवटी आहे. नऊ वर्षांची पोर. तिला वाटतंय आपण सगळे हवापालटाला चाललोय. तिने बाहुलीचं सामानही बांधलं.

मी राणीसाहेबांना विचारलं की ती कडी सांगितली कोणी. त्या पोरीच्या झग्याची शिवण उसवत होत्या, वाढत्या अंगाला. मान वर न करता म्हणाल्या, की मी सांगून कोण ऐकणार. तुझ्या भावाला विचार, तो काही टाकून देत नाही. तुझ्यावर राग नाही त्यांचा. उलट म्हणाल्या, की सुतार खोटं बोलला नाही, कडी खरोखरच वाजत नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

बैठक चोवीस तारखेला आहे. आता तोंड मीट आणि डोकं चालव.

तुझी ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं मला लागू आहे. कडी कशी केली एवढंच कारभाऱ्यांनी विचारलं. कोणी करवली हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही, कारण मी कौतुक ऐकत उभा होतो.

आपले बाबा अंगठेबहाद्दर होते. सांगितलं तसं काम करूनही तसं सांगितलंच नव्हतं हे त्यांना किती वेळा ऐकावं लागलं, ते तुला आठवत असेल. म्हणून खिळे बांधून येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवरून मी अक्षरं शिकलो, आणि तेव्हापासून कामाची प्रत्येक चिठ्ठी खळीने वहीत चिकटवतो. तू हसायचीस, या वह्यांना वाळवी लागली तर मी सुतक पाळेन म्हणायचीस.

सहाव्या वहीत एकसष्टावं पान आहे. त्यावरची चिठ्ठी अशी: राणीसाहेब पहाटे बागेत जातात, कडी वाजून झोपमोड होते, तरी दार आतून व बाहेरून आवाज न होता उघडेल असे करावे. खाली सही नाही. सहीची गरजही नाही. ते अक्षर सगळं राज्य ओळखतं. ते महाराजांचं आहे.

चोवीसला मी वही घेऊन येतो. नुसतं पान आणणार नाही, अख्खी वही आणणार. तोवर राणीसाहेबांना एवढंच सांग, की सुताराने माप चुकवलं होतं, तो दुरुस्त करतोय.

चुकलेल्या भावाला पदरात घे.

धाकटा

ता. २ एप्रिल

चि. मापाड्यास,
अ. उ. आ.

आम्ही तिघी नव्या घरी पोचलो. तिघी, हे परत एकदा लिहिते, मला लिहायला बरं वाटतं.

त्या दिवशी बैठकीत तू वही उघडलीस तेव्हा मी मनात एकसष्टपर्यंत पानं मोजत होते. आणि तू काय केलंस, तर आधी कारभाऱ्यांच्या कागदातली कडीची लांबी चुकली आहे म्हणून अर्धा इंच कमी करायला लावलीस. पाचांतले सगळ्यात म्हातारे पान वाचून महाराजांकडे बघत राहिले. महाराज खिडकीबाहेर बघत राहिले. मग महाराजांनी एवढंच म्हटलं, की पोर आईबरोबर जाऊ दे.

राणीसाहेब निघताना मागे वळल्या नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र हात मांडीवर उताणे ठेवून बघत होत्या, जणू काहीतरी धरायचं राहिलंय. त्या रडल्या नाहीत. इथे चार खोल्या आहेत, भिंतींना ओल आहे, आणि मागचं दार ओढल्याशिवाय लागत नाही. त्यांचं तुला एक काम आहे: त्या दाराला कडी हवी. चांगली वाजणारी. आता कोणाची झोप मोडायची नाही, म्हणाल्या.

महालाचं काम तुझ्याकडून काढून घेतल्याचं कानावर आलं. बैठकीच्या आदल्या दिवशी कारभारी दुकानात येऊन गेले, हेही. भाजीवालीकडून कळतं, भावाकडून नाही. राणीसाहेबही विचारतात. काय ते खरं खरं लिही.

तुझी ताई

ता. ७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या दाराच्या चौकटीची रुंदी वरून, मधून आणि खालून, अशी तीनदा मोजून कळव. एकदा मोजून भागवू नकोस. जुनी चौकट खाली फाकते. कडी लोखंडाची करतोय. गल्लीच्या टोकाला ऐकू येईल.

दुकान चालू आहे. सध्या शाळेचे बाक करतोय. बाकांचं कौतुक करायला कोणी येत नाही, ते एका अर्थी बरंच आहे. पोरीच्या मेजाचा एक पाय प्रवासात हलला असेल, तो मी येऊन बघेन. तोवर खाली कागदाची घडी घालू नका.

राणीसाहेबांना मुजरा, पोरीला आशीर्वाद. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा धाकटा

ता. क. कारभारी आले होते ते खरं आहे. एकसष्टावं पान त्यांना द्यायचं, आणि कडी राणीसाहेबांनीच सांगितली असं लिहून द्यायचं. बदल्यात नव्या राणीसाहेबांच्या महालाचं सगळं लाकूडकाम माझं, आणि वर रोख रक्कम. मी नाही म्हटलं. भाजीवाली पन्नास हजार सांगत असेल तर ते चूक आहे. चाळीस हजार होते.