पनागरपुढचं शून्य

मंगळवार, दिवेलागण

आज स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटून राहिली. त्यात अर्धा वाटा माझ्या बायकोचा, सरूचा.

तापाच्या साथीत कुठे किती माणसं गेली, त्याचा तक्ता मी ऑफिसात भरून राहिलो आहे. शहरातल्या ओमतीचा आकडा सगळ्यांत मोठा, बाहेरच्या पनागर गावापुढे शून्य. बडे बाबू ओमतीवर चिडले, कारण तोफगाड्यांच्या कारखान्याचे मजूर तिथले आणि लढाईचं काम अडतं. पनागरची मात्र तारीफ. मीही मान डोलावली. काहून डोलावली?

काल जेवताना हे सांगितलं, तर सरू म्हणाली, "अहो, पनागर इतकं धडधाकट, तर तिथली भाजीवाली तीन आठवडे काहून येऊन नाही राहिली?"

ते शून्य डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी बाजारात पनागरचा गाडीवान गाठला. गावात कोणी मेलं की ठाण्यात खबर कोतवार देतो, म्हणून त्याचंच विचारलं.

"कोतवार तो सबसे पहले गया, बाबूजी. खबर कौन लाता?"

म्हणजे ओमतीचा आकडा मोठा, कारण तिथे मोजणारा जिवंत आहे!

बडे बाबू म्हणाले, "रहने दो भैया, शून्य ही अच्छा है." तक्ता नागपूरला जायचा, त्यात खाडाखोड नको. पण ते शून्य मी त्यांच्यासमोरच खोडलं. बाकीच्यांची खबर अजून काढायची आहे. तोवर तिथे एक लिहिला.

कोतवाराचा.